अकरा ते सतरा नंबरची पिंपे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय सव्वीस पूर्ण, शिक्षण आठवी, डिंकाच्या शेडमध्ये मदतनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. मी शुद्धीवर आहे. दारू घेत नाही. सकाळी ताप मोजला, नव्हता. कोणी मला हे लिहायला भाग पाडलेले नाही. मामांना तर लिहू नये असेच वाटेल.

१. माझी सायकल, पोस्टाचे पुस्तक आणि लोखंडी पेटी मामींना द्यावी. आईच्या मागे त्यांनी मला वाढवले आणि कधी बोलून दाखवले नाही. पेटीचे कुलूप डावीकडे दाबून उघडते. जोर लावू नये.

२. पितळी पाना आणि लाकडी हातोडी शेडमध्येच राहावी. त्यांची ठिणगी उडत नाही. मात्र कोठीवाल्याच्या ताब्यात देऊ नये. त्याने माझा रेनकोट दोन वर्षांपूर्वी ‘उद्या देतो’ म्हणून नेला आहे. तो रेनकोट मी त्यालाच देऊन टाकतो, म्हणजे विषय मिटला.

३. तापमानाच्या नऊ वह्या मॅडमना द्याव्यात. त्या आमच्या रसायनतज्ज्ञ. वह्या का द्यायच्या, हे कलम पाचमध्ये येईल. वहीत एकही आकडा खोडलेला नाही.

४. आता मुख्य गोष्ट. आम्ही बनवतो तो डिंक स्फोटक पूड धरून ठेवतो, म्हणजे ती सांडत नाही, घासत नाही. पूर्वी तो एका मोठ्या हंड्यात एकदम शिजवत. हंडा एकदा बिथरला आणि फुटला. मामा तेव्हा साधे कामगार होते. त्यांनी तिघांना बाहेर काढले, त्यातला एकच जगला. मॅडमचा डावा कान त्याच दिवशी गेला. त्यानंतर चार वर्षे खपून त्यांनी नवी पद्धत बसवली. आता माल बारीक नळीतून सरकत सरकत तयार होतो आणि एका वेळी मूठभरच तापतो. बिघडला तरी मूठभरच बिघडेल. भिंतीवर त्यांनी पाटी लावली आहे: जुन्या डिंकाचा थेंबही नव्यात नको.

नळीचे काम सावकाश. वरून निरोप आला की महिनाअखेर अठरा पिंपे भरली नाहीत तर हंडा पुन्हा लावू. सात पिंपे प्रत्येकी एक बादली कमी पडत होती. मामा आता मुकादम आहेत. हंड्याचे नाव निघताच त्यांचा चेहरा उतरला. हंड्यातला जुना डिंक कोपऱ्यात झाकून ठेवला होता, त्यांनी तिकडे बोट केले. त्यातले आम्ल जायला चार धुण्या लागतात, दोनच झाल्या होत्या. मी तसे म्हणालो.

मामा म्हणाले, “शंकासुरा, दुधात पाणी घातलं म्हणून दूध फुटतं का?”

पाण्याने फुटत नाही, आंबट थेंबाने फुटते. हे मला तेव्हाच सुचले होते. तरी बादल्या मी ओतल्या. अकरा ते सतरा, माझ्या हाताने. नवी पद्धत वाचावी म्हणून आम्ही तिच्यात जुनी कालवली.

५. प्रत्येक पिंपाची नमुन्याची बाटली माझ्याकडे असते. चौदा नंबरच्या बाटलीचे बूच मंगळवारी वर आले. दाबून बसवले, बुधवारी पुन्हा वर. खोली चोवीस अंश, बाटली एकतीस. शुक्रवारी चौतीस. बाकीच्या सहाही त्याच वाटेवर आहेत. पिंपे कोठीत आहेत. नवी पद्धत आल्यावर कोठीची जाड भिंत ‘आता काय गरज’ म्हणून पाडली आणि पलीकडे पॅकिंगच्या एकोणीस बायका बसतात.

उद्या सुट्टी आहे, पॅकिंग रिकामे असेल. सातही पिंपे मी एकटा हातगाडीवरून पाण्याच्या खड्ड्यात नेऊन बुडवणार आहे. मामांनी येऊ नये. त्यांचा गुडघा उतारावर धरतो. शिवाय ओतले मी, तर काढायचेही मीच. हे मी त्यांना आज जेवताना सांगितले. त्यांनी भात परत घेतला नाही.

६. मॅडमना आधी सांगितले नाही, हा माझा भित्रेपणा. मामांची नोकरी जाईल, पद्धत बंद पडेल, असे वाटले. माझे काही बरेवाईट झाले तर दोष पद्धतीला देऊ नये. पद्धत चांगली आहे. तिचे ऐकले नाही ते आम्ही.

७. माझा कोणी फोटो लावू नये. एकही धड आलेला नाही.

सही केली. दिनांक: महिन्याचा चौथा शनिवार, संध्याकाळ. ठिकाण: मामांच्या घराची मागची खोली.

साक्षीदार पहिला: मामा. रात्री सहीसाठी कागद त्यांच्याकडे दिला होता. सकाळी तो माझ्या उशाशी होता. सही आहे. तिच्याखाली त्यांच्या अक्षरात लिहिले आहे: ‘कलम पाच रद्द. ओत म्हणालो मी. मामीला दूध आणायला गेलो म्हणून सांग.’ कोठीची किल्ली खिळ्यावर नाही. दुधाची किटली जागच्या जागी आहे.

साक्षीदार दुसरा: मॅडम. सायकलवरून त्यांच्या घरी आलो आहे. त्यांनी कागद उभ्यानेच वाचला. सही केली नाही. म्हणाल्या, “बस इथे. वेळ लिहून ठेव.”

वेळ सात वाजून अकरा मिनिटे. मॅडम रखवालदाराला फोन लावून तो उजव्या कानाशी धरून उभ्या आहेत. त्याची केबिन कोठीपासून चाळीस पावलांवर आहे, मी मोजली आहेत. फोन त्याच्या हाताशीच असतो.

सात बारा. रिंग जाते आहे. अजून कोणी उचलत नाही.