आठ महिन्यांच्या प्रयागबाईंना आलेल्या पत्रांबाबत

प्रति,
मा. कक्षाधिकारी साहेब,
हस्तलिखित व पत्रसंग्रह कक्ष,
बारामती, जि. पुणे.

अर्जदार : कु. रेश्मा माऊली भोंग, रा. वरकुटे, ता. इंदापूर (आपल्याच कक्षानं नेमलेली सूचीकार व टीपकार).

विषय : तत्त्वचिंतक कै. आबासाहेब खारतोडे (मूळ गाव कळस, ता. इंदापूर) यांच्या युद्धकाळातल्या त्रेचाळीस घरगुती पत्रांवरचा "संशयास्पद" हा शेरा काढून, प्राप्तकर्त्याच्या रकान्यात खरं नाव घालून, ती छापील सूचीत घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची तीन पत्रं. २) त्यांवर अर्जदारानं दिलेले तीन खुलासे. ३) वरिष्ठ लिपिक श्री. आप्पासाहेब यांनी वेळोवेळी खिडकीतून तोंडी सांगितलेलं, ज्याला जावक क्रमांक नाही.

महोदय,

अर्जदारानं आधीचे तिन्ही खुलासे चांगल्या कचेरीच्या भाषेत लिहिले होते, "उपरोक्त" आणि "सबब" घालून घालून, आणि तिन्हींना "नियमानुसार कार्यवाही करावी" एवढं एकच उत्तर आलं. म्हणून हा अर्ज तोंडानं सांगावं तसा लिहिलाय. राग मानू नये, पण शेवटपर्यंत वाचावा, कारण सूची छापायला जायची वेळ आली आहे आणि त्यात ही पत्रं नाहीत.

१. कै. आबासाहेब खारतोडे म्हणजे "आपल्याला कळलं" असं माणूस कशाच्या जोरावर म्हणतो, या एका प्रश्नावर जन्मभर डोकं झिजवलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत कारकून म्हणून गेले, वाळवंटात तंबू ठोकून बसले आणि तिथून कळसला घरी पत्रं धाडत राहिले. पत्रं सगळी मोडीत. मोडी वाचणारं कुणी मिळेना म्हणून आपल्या कक्षानं जाहिरात दिली आणि अर्जदार लागली. काम असं, की एकेका पत्राला क्रमांक द्यायचा, लेखक, प्राप्तकर्ता, दिनांक, विषय हे रकाने भरायचे आणि आजच्या माणसाला जिथं उमगणार नाही तिथं खाली टीप लिहायची. अर्जदार या कामाला अशी काही भिडली की तिची आई म्हणाली, "आगं, तुझ्याच नवऱ्याची पत्रं आल्यावानी काय हसतीस एकटीच?"

२. ही त्रेचाळीस पत्रं "चि. प्रयागास अनेक आशीर्वाद" अशीच सुरू होतात. प्रयाग म्हणजे आबासाहेबांची लेक. बाप बोटीत बसल्यावर ती जन्मली आणि पहिलं पत्र आलं तेव्हा आठ महिन्यांची होती. आज त्या प्रयागबाई नरसिंहपूरला सासरी आहेत, नातसुनांना धाकात ठेवून आहेत, आणि पत्रंही त्यांच्याच पेटीतून कक्षाला मिळाली. अर्जदारानं मायन्यात नाव होतं तसं प्राप्तकर्त्याच्या रकान्यात "प्रयाग" भरलं. बास, तिथून पुढं सगळं घोडं अडलं.

३. कक्षाच्या नियमानं प्राप्तकर्ता हयात असला की त्याची जन्मतारीख आधार कार्डावरून टाकावी लागते. प्रयागबाईंच्या कार्डावर १ जून १९४६ आहे. पत्रं बेचाळीस ते पंचेचाळीसमधली. संगणकावर बसणाऱ्या ऋतिकनं बटण दाबलं आणि मान वर न करता सांगितलं, "ताई, सिस्टीम लाल दावतीया. आजी जन्मायच्या आधीचं पत्र ती घेत न्हाय." त्रेचाळीसही पत्रांवर "संशयास्पद" शेरा पडला तो तिथंच.

आता हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको, पण खुलाशात सांगावं लागलं म्हणून परत सांगते, की त्या काळी मास्तर पोरं शाळेत घालताना जन्मतारीख विचारत नसत. पोराकडं बघायचे, दातांकडं बघायचे, आणि १ जून ठोकायचे. पोरगी थोराड झाल्यावर शाळेत आली असली तर साल चार-पाचनं पुढं ढकलायचे, म्हणजे ती पहिलीत शोभून दिसायची. प्रयागबाईंचा खरा जन्म खळ्यावर बाजरीची मळणी चालू असतानाचा. पण मळणी हा कागदोपत्री पुरावा होत नाही असं आपल्या पहिल्या पत्रात लिहून आलं.

अर्जदार श्री. आप्पासाहेबांकडं गेली. ते स्वतः ३१ मे रोजी निवृत्त होणार आहेत. त्याच दिवशी कक्षातले आणखी तिघं निवृत्त होणार आहेत, आणि चौघांत मिळून एकच हार-तुरे समारंभ ठरलाय, कारण चौघांचाही वाढदिवस १ जूनच. अर्जदारानं एवढंच विचारलं, की आप्पासाहेब, तुमचा जन्म खरंच जूनमधला का? तर म्हणाले, "छ्या! मी बेंदराच्या दिवशीचा. आय बैलाला निवद दावायला निघालीवती." अर्जदाराला वाटलं, झालं काम. तर पुढं म्हणाले, "पण कागद तो कागद, पोरी. बेंदरावर पेन्शन मिळत न्हाय."

४. मग अर्जदारानं पत्रांतलाच मजकूर पुढं केला. म्हटलं, मायना राहू द्या बाजूला, आत काय लिहिलंय ते बघा. आठ महिन्यांच्या प्रयागला बाप लिहितो : "विहिरीवरून दोन घागरी एकदम आणू नकोस. तुझी पाठ दुखते हे तू कळवत नाहीस, तरी मला कळतं." दुसऱ्या पत्रात : "तुझं अक्षर आता सुधारलं आहे, फक्त ओळ खाली उतरते. दिवा जवळ घेऊन लिहीत जा." आणखी एका पत्रात : "आत्याबाई बोलल्या तर उलट बोलू नकोस, पण त्यांचं म्हणणं खरं आहे असंही मानू नकोस." आत्याबाई आपल्याकडं सासूला म्हणतात. साहेब, पाळण्यातल्या कुठल्या पोरीची पाठ घागरीनं दुखते? दात न आलेलं कुठलं लेकरू ओळ सरळ लिहीत नाही म्हणून बोलणी खातं?

हे वाचून सूची तपासणाऱ्या आपल्या समितीला उजेड पडेल असं अर्जदाराला वाटलं. समितीचा शेरा आला तो असा : "सदर पत्रांत अज्ञान बालिकेकडून पाणी वाहून घेतल्याचा उल्लेख असून तो बालमजुरीच्या व्याख्येत येतो किंवा कसे, याबाबत विधी सल्लागारांचे मत घ्यावे. तसेच बालिकेच्या पालकांचे संमतिपत्र जोडावे." पालक म्हणजे कै. आबासाहेबच. त्यांचं संमतिपत्र कुठून आणायचं हे समितीनं कळवलेलं नाही. अर्जदार त्या दिवशी एसटीत वरकुट्याचा थांबा सोडून पुढं गेली, इतकं तिचं डोकं फिरलं होतं.

५. म्हणून जी टीप समितीनं "टीपकारांनी कल्पनाशक्तीस आवर घालावा" असं म्हणून खोडली, तीच इथं परत देते. ही कल्पना नाही, रीत आहे. ज्या घरात सासरा बसलाय, त्या घरात नवरा बायकोला पत्र लिहीत नसे. नाव घेत नसे तर पाकिटावर लिहिणार कुठून? पत्र आधी थोरल्याच्या हातात पडायचं. नुसतं वडिलांना लिहावं तर मनातलं लिहिता येत नाही, आणि बायकोला लिहावं तर घरात हसू होतं. मग पोराच्या नावानं लिहायचं. कळसची जुनी माणसं सांगतात, की त्या घरात पोस्टमननं पत्र दिलं की सासरे ते न फोडता चुलीच्या दिशेनं धरायचे आणि म्हणायचे, "पोरीचं पत्र आलंय, घ्या." सासऱ्यांना माहीत होतं, पोस्टमनला माहीत होतं, शेजारच्या घरालाही माहीत होतं, की ही पत्रं आबासाहेबांच्या पत्नी रंगूबाई यांना येतात. माहीत नव्हतं ते पाळण्यातल्या प्रयागला, आणि आजही माहीत नाही ते आपल्या कक्षाला.

रंगूबाईंना मोडी येत होती का, असाही प्रश्न निघाला. येत होती. नवऱ्यानंच शिकवलेली, लग्नानंतर, सासूचा डोळा चुकवून. पण त्याचं प्रमाणपत्र नाही, कारण नवरे प्रमाणपत्र देत नसत.

६. याच्याही वरचा कळस म्हणजे समितीनं एक पत्र मधोमध तोडलं. त्यात आबासाहेबांनी लिहिलंय : "ज्या माणसाचं नाव घेता येत नाही, त्याचं ज्ञान नाव घेता येणाऱ्या वस्तूच्या ज्ञानाहून कमी पक्कं का मानावं? मला तर उलट वाटतं." हे समितीला फार आवडलं. एवढा उतारा "तत्त्वविचार" या विभागात घेतला, आणि त्याच्या खालच्याच ओळी, "पाठीला एरंडाचं पान शेकून लाव, आणि शेकताना माझी आठवण काढू नकोस, हात भाजेल", या किरकोळ म्हणून वगळल्या. साहेब, दोन्ही एका दमात लिहिलंय, एका शाईनं. हा माणूस घर बाजूला ठेवून विचार करत नव्हता, घरातल्या माणसाचाच विचार करता करता तो प्रश्न त्याला पडला. खालच्या ओळी काढल्या तर वरचं वाक्य नुसतं भिंतीवर लावायच्या कामाचं उरतं. अर्जदारानं हे श्री. आप्पासाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "एरंडाचं पान आयुर्वेद विभागाकडं पाठवू का?" ते थट्टेत म्हणाले असावेत. अर्जदाराला आता थट्टा आणि कार्यवाही यांतला फरक कळेनासा झालाय.

७. शेवटी अर्जदार नरसिंहपूरला गेली. खरं तर मन धजत नव्हतं. प्रयागबाईंनी उभा जन्म लोकांना सांगितलेलं, की माझा बाप एवढा विद्वान, पण लढाईवरनं पत्र धाडायचा ते मला, पाळण्यातल्या पोरीला. त्या मराठी चौथी शिकल्या, पण बाळबोध. मोडी त्यांना येत नाही. त्यामुळं पेटीत जपलेल्या पत्रांत काय आहे हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. रंगूबाई वाचून दाखवायच्या, पण "चिरंजीव प्रयागास अनेक आशीर्वाद" एवढंच मोठ्यानं, आणि पुढं "बाकी सगळं ठीक हाय म्हणत्यात" असं सांगून कागद घडी करायच्या. अर्जदारानं घागरीचं पत्र आख्खं वाचून दाखवलं. म्हातारीनं पदराची किनार चिमटीत धरली. मग म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. "माझी पाठ कुठली दुखती गं त्या वयात?" एवढंच बोलली, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

तोवर अर्जदाराला वाटत होतं की आपण या बाईच्या तोंडचा घास काढला.

पण दुसऱ्या दिवशी प्रयागबाई स्वतःच एसटी धरून बारामतीला आल्या. आपण दौऱ्यावर होता, म्हणून आपल्या अपरोक्ष जे घडलं ते अर्जदार जसंच्या तसं नोंदवते. खिडकीशी उभं राहून त्यांनी सूचीचा कच्चा कागद मागितला आणि प्राप्तकर्त्याच्या रकान्यातल्या आपल्या नावावर स्वतःच्या हातानं रेघ मारली. श्री. आप्पासाहेब एकदम उठले. "आजी, आवो, खाडाखोड चालत न्हाय! आन् ही रेघ मारली तर ही पत्रं तुमची राह्यली न्हाईत. उद्या म्हणाल, बापानं मला लिहिलीवती, तर कागद तुमच्या बाजूनं बोलायचा न्हाय. कळतंय का?"

प्रयागबाई म्हणाल्या, "कळतंय की. तुमचा कागद म्हणतोय मी तवा जल्माला आलेच नव्हते. नसंल आले. मला काय त्याचं? मी दाराची कडी व्हते, बाबा. कडी वाजवत्यात, पण बोलाय येत्यात आतल्या माणसाशी. आतलं माणूस माझी आय व्हती. तिचं नाव घाला."

श्री. आप्पासाहेब खाली बसले. ऋतिकनं विचारलं, "आजी, आईचं पूर्ण नाव?" तर प्रयागबाईंनी ते सांगितलं, आणि सांगताना आवाज असा चढवला की आतल्या खोलीतली माणसं बाहेर आली. ऋतिकनं ते टाईप केलं. रंगूबाई हयात नसल्यानं आधारची तारीख लागली नाही, आणि पडदा लाल झाला नाही. आता फक्त आपली मंजुरीची सही राहिली आहे, कारण श्री. आप्पासाहेबांच्या मते मायन्यातलं नाव आणि रकान्यातलं नाव वेगळं ठेवायचा अधिकार त्यांच्या खुर्चीला नाही. तो आपल्या खुर्चीला आहे.

तरी विनंती अशी, की सूची छापायला जाण्यापूर्वी या त्रेचाळीस पत्रांची प्राप्तकर्ती म्हणून "रंगूबाई आबासाहेब खारतोडे" हे नाव कायम करावं, "संशयास्पद" शेरा काढावा, तोडलेलं पत्र एरंडाच्या पानासकट सलग छापावं, आणि अर्जदाराची खोडलेली टीप परत लावावी. बालमजुरीबाबत विधी सल्लागारांना विचारणा गेलीच असेल, तर पाणी वाहणारी बाई सज्ञान होती असं त्यांना कळवावं.

आणि एक. प्रयागबाई नरसिंहपूरला निघताना म्हणाल्या, की मला मोडी शिकव, आता सगळी माझी मी वाचते. अर्जदार दर रविवारी जाते. त्यांनी आधी सही घोटून घेतली, आणि आता अ पासून ट पर्यंत आलं आहे.

आपली विश्वासू, आणि आता पार टेकीला आलेली,
(सही)
रेश्मा माऊली भोंग
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) मूळ टीप, समितीच्या काटछाटीसह.
२) रंगूबाई खारतोडे यांच्या मृत्यूच्या नोंदीचा ग्रामपंचायतीचा दाखला.
३) सूचीचा तो कच्चा कागद. रेघेवर प्रयागबाईंची सही आहे, ती मागाहून एका रविवारी घेतली. सही मोडीत आहे, पहिलीच असल्यानं ओळ खाली उतरली आहे, ती ग्राह्य धरावी.