नकाशावर मजले नसतात

प्रिय ठमे,

पाकिटावरचा पत्ता वाचून तू चपापली असशील. हा पत्ता तू मला दिलेला नाहीस. तो मला कुठून मिळाला तेच सांगायला बसले आहे, पण जरा वळसे घेत सांगेन. सरळ बोलायचं धाडस असतं तर फोनच केला असता.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर मी भलत्याच बसमध्ये चढून थेट डेपोत पोचले होते, आठवतंय ना? कंडक्टरने मला बाकावर बसवून तुला फोन लावला आणि तू ऑफिस टाकून धावत आलीस. घरी आल्यावर आपले दोन्ही फोन मांडीवर घेऊन बसलीस, काहीबाही दाबलंस आणि मी तुझ्या नकाशावर एक निळा ठिपका होऊन उमटले. म्हणालीस, आता हरव कुठे हरवायचं ते. मी कुरकुरले की, म्हणजे मी दूध आणायला निघाले तरी वर उपग्रहाला खबर. तू हसलीस. उपग्रहांना तुझं काही दिसत नाही गं आई, ते बिचारे नुसती वेळ सांगत फिरतात, त्यावरून आपण कुठे आहोत याचा हिशेब फोनच करतो, असं सांगितलंस. इतक्या उंचावर जाऊन नुसतं किती वाजले तेच सांगायचं, तर एवढी रॉकेटं कशाला उडवायची, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण घाईत तू दोन्ही फोनांवर तेच बटण दाबलंस. मी तुझ्या नकाशावर आले तशी तूही माझ्या नकाशावर आलीस. तुझ्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या दुसऱ्याच दिवशी आलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला मी. लाइन जोडली की आपला कान काढून घ्यायचा, हे मी नव्या मुलींना शिकवत असे. एकदा शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण लाइनवर कुणाचं तरी भांडण ऐकत बसली होती, तर तिच्याशी महिनाभर अबोला धरला होता. आणि मी ही अशी. मनाची समजूत काढली की मी काही ऐकत नाही, नुसती बघते. आईने मुलगी पोचली का ते बघितलं तर काय बिघडलं? सकाळी तुझा ठिपका पुलावर अडकलेला दिसला की मी इथे गॅसपाशी उभी राहून त्या रहदारीला शिव्या घालायचे. तू ऑफिसात पोचलीस की मग माझा चहा. खरं सांगू, मजा यायची. तू लहान असताना शाळेच्या फाटकातून आत जाईपर्यंत बघत राहायचे, तसंच वाटायचं.

मग तू आलीस, त्या दुपारी. पर्स मांडीवरच ठेवून बसलीस आणि म्हणालीस, आई, माझं त्याच्याशी आता जमत नाही. मी काय म्हणाले? घरोघरी मातीच्या चुली. भांड्याला भांडं लागायचंच. वर तुला विचारलं की तो मारतो का, पितो का, आणि तू नाही म्हणालीस तेव्हा सुटकेचा श्वास टाकला. जणू तेवढ्यावर प्रश्न मिटला. तू पाणी प्यायलीस आणि निघालीस. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस आणि मी तर मुळीच नाही.

पुढे एका सकाळी ठिपका तुमच्या घरी नव्हता. दुसऱ्या सकाळीही नव्हता, तिसऱ्याही. ज्या इमारतीवर तो होता तिचं नाव नकाशावर स्वच्छ लिहिलेलं होतं, नोकरदार महिलांचं वसतिगृह. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तू घर सोडलंस आणि मला सांगितलं नाहीस, याचा मला आधी रागच आला. आपण काय बोललो होतो ते आठवायला मला बरेच दिवस लागले.

आता माझं सगळ्यात वाईट वागणं लिहिते. हे सगळं माहीत असून मी दर फोनला विचारत राहिले, जावईबापू कसे आहेत? तू म्हणायचीस, बरे आहेत, आत्ताच आलेत. मी म्हणायचे, त्यांना सांग हं मी विचारलं म्हणून. मागून बायकांचे आवाज यायचे, कुणीतरी बादलीवरून भांडत असायचं, आणि तू सांगायचीस की टीव्ही चालू आहे. तुझ्या तोंडून खोटं मी वदवून घेतलं, ठमे. तू आपणहून सांगावंस म्हणून विचारते, असं मी स्वतःला सांगत होते. तेही खोटं. तू सांगितलं असतंस तर मला काहीतरी करावं लागलं असतं. तुझ्या मावशीला, शेजारपाजारच्यांना तोंड द्यावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी तुझ्या जिवावर करत होते.

आणि रविवार. रविवारी संध्याकाळी तुझा ठिपका निघतो, बस बदलतो आणि माझ्याकडे येतो. पहिल्यांदा मी घाईघाईने पसारा आवरला, आधण ठेवलं. ठिपका माझ्या ठिपक्याला येऊन चिकटला. बेल वाजली नाही. नकाशावर मजले नसतात ना. तिथे आपण दोघी एकाच जागी होतो, आणि खरं तर मी तिसऱ्या मजल्यावर पडद्याआड आणि तू खाली समोरच्या बसथांब्यावर, फोनकडे बघत. माझाच ठिपका बघत असशील. येणाऱ्या बस सोडून देत होतीस. मग एकीत चढून गेलीस. त्यानंतर कितीतरी रविवार असेच गेले. एकदा मी चपला घालून दोन जिने उतरले, पण तू आल्याचं मला कसं कळलं हे सांगावं लागलं असतं, म्हणून परत वर आले. लेक दारात येऊन परत जात होती आणि मी माझी चोरी लपवत होते.

काल मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन तुझा ठिपका माझ्या फोनमधून काढून टाकायला लावला. तो माणूस म्हणाला, आजी, राहू द्या की, लेक कुठे आहे ते कळतं तरी. म्हटलं, काढ. माझा मात्र तुझ्याकडे राहू दे, मी हरवणारी बाई आहे. सकाळपासून तू कुठे आहेस हे मला ठाऊक नाही आणि चार वेळा हात फोनकडे गेला. त्या दुपारी मी चुकले, हे तुला सांगायचं आहे, आणि ते वरून हाक मारून सांगायचं नाही. या रविवारी मी संध्याकाळपासून खाली थांब्यावर बसेन, पुढच्याही बसेन. जावयाचं विचारणार नाही. तू येणार आहेस की नाहीस, ते आता मला तू बसमधून उतरलीस तरच कळेल.

तुझीच,
चुकलेली आई