भोळ्या सोंडकिड्यांचा निर्वंश

ती. मावशीस,

भाचीचा वाकून नमस्कार. तू, काका आणि तुझी ती रुसकी मांजर, तिघंही खुशाल असाल. काकांना आता ऐकू येतं का, की अजून सोयीपुरतंच येतं? इकडे नवरा बरा आहे, सासूबाई ठणठणीत आहेत आणि मी मधेच हसते, मधेच रडते. दोन्हीचं कारण एकच आहे. ते लिहायला बसले आहे. पत्र लांबेल, चहा घेऊन बस.

तू सगळ्यांना सांगतेस की माझी भाची शेतीसंशोधनात मोठी साहेब आहे. मावशी, मी किडे पाळते. धान्याच्या कोठारांत विषारी धुरी देतात ना, तिला हल्ली किडे भीक घालत नाहीत. पूर्वी पटापट मरायचे, आता त्या धुरीतच बसून गहू पोखरतात आणि वर लेकुरवाळे होतात. ही मस्ती त्यांच्या रक्तात कुठून आली, ते शोधायचं आमचं काम. त्यासाठी सोंडकिड्यांची दोन घराणी लागतात. एक निर्ढावलेलं, जे धुरीत सुखाने नांदतं. दुसरं भोळं, जे नुसत्या वासाने गतप्राण होतं. निर्ढावलेला नवरा आणि भोळी नवरी (किंवा उलट, रुसायला कोणी येत नाही) असं लग्न लावायचं, त्यांच्या मुलांची आपसात लग्नं लावायची (तोंड वाकडं करू नकोस, त्यांच्यात चालतं) आणि नातवंडांना धुरी द्यायची. जी जगली आणि जी मेली त्यांची जनुकं ताडून पाहायची, म्हणजे हा गुण नेमका कुठे दडलाय ते कळतं. माझं नाक कोणाचं आणि हट्ट कोणाचा यावरून तू नि आई भांडता, तेच हे. फक्त आम्हाला त्याचा पगार मिळतो.

आता यात मोल कोणाचं? तुला वाटेल निर्ढावलेल्यांचं. छे, ते हवे तितके मिळतात. सोन्याच्या मोलाचे ते भोळे, कारण ज्यांच्या सात पिढ्यांनी औषधाचा वास घेतला नाही असे किडे आता शोधून सापडत नाहीत. आमच्याकडे अशा एकाच घराण्याच्या चार बरण्या होत्या. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार आणि तिच्यासमोर शेवटचा प्रयोग व्हायचा. भोळे नाहीत तर तुलना नाही, तुलना नाही तर प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही तर तुझी मोठी साहेब भाची घरी.

आणि नेमक्या याच वेळी निर्ढावलेल्यांनी बरणीवरचं कापड कुरतडलं आणि ते फडताळावर फिरायला निघाले. त्यातला एक जरी भोळ्यांत शिरला असता तरी घराणं बाटलं असतं. आमचे सर (प्रयोगशाळेचे प्रमुख, बोलतात कमी, सुस्कारे जास्त) म्हणाले, भोळ्यांना अशा घरी हलवा जिथे दुसरा किडा औषधालाही सापडणार नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा ऊर भरून आला. चारही बरण्या मांडीवर घेऊन मी बसने घरी निघाले. शेजारच्या बाईंनी वाकून पाहिलं आणि एवढे किडके गहू कुठे मिळाले म्हणून विचारलं. मी म्हटलं, सरकारी आहेत. त्यांना लगेच पटलं.

बरण्या मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवल्या, तिथे ऊब असते. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि सासूबाई आल्या. येणार हे मला माहीत नव्हतं. (आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांनाही नव्हतं.) नवऱ्याने दार उघडलं, पाया पडला आणि परत खोलीत जाऊन संगणकासमोर बसला. चहासाखर शोधताना सासूबाईंना बरण्या सापडल्या. आपली सून वळवळणारे गहू फळीवर जपून ठेवते, वर त्यांवर तारखाही घालते, हे पाहून त्या माउलीला काय वाटलं असेल! पण त्या ओरडल्या नाहीत, मुलालाही बोलल्या नाहीत. सुनेची अब्रू झाकायची म्हणून पदर खोचला आणि कामाला लागल्या. गहू चाळले. चाळलेले किडे खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कोंबड्यांना घातले. इथेच थांबल्या असत्या तरी आम्ही तरलो असतो, कारण सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून लिंपून टाकते, त्यामुळे पुढची पिढी दाण्यात सुखरूप असते. पण सासूबाईंना अर्धवट काम आवडत नाही. त्यांनी गहू गच्चीवर पत्र्यावर तापवले आणि गिरणीतून दळून आणले. गव्हाबरोबर किडे रगडले जातात ते असे. मग बरण्या घासून, चिठ्ठ्या भिजवून काढून, उलट्या वाळत घातल्या.

संध्याकाळी भोळ्यांची विचारपूस करायला सर माझ्याबरोबरच घरी आले. टेबलावर केक होता. सरांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला, आणि तोंड भरलेलं असतानाच विचारलं की मंडळी कशी आहेत. मी फळीकडे बोट केलं. फळीवर चार बरण्या चकचकत होत्या आणि त्यांच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. सासूबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला आणि सरांना सहज सांगितलं की घरात जुने गहू होते, चाळलेला कचरा खाली कोंबड्यांना घातला, बाकीचे संपवून टाकले, केक त्यांचाच आहे. सरांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत तुकड्याकडे. शेवटी म्हणाले, नमुना वाया घालवू नये, आणि खाऊन टाकला.

मग ते आमच्या जिन्याखालच्या कोंबड्यांच्या खुराड्यात शिरले. गुडघ्यांवर बसून, विजेरी घेऊन. कोंबडीवाल्या बाईंना वाटलं यांची अंगठी पडली, त्याही बिचाऱ्या शोधायला लागल्या. सरांना एक किडा दिसला, खराखुरा, चालता. त्यांनी खिशातून चिमटा काढेपर्यंत कोंबडीने तो टिपला. मी खुराड्याला टेकून इतकी हसले की सरांनी मला घरी जायला सांगितलं. (तो माझ्याच घराचा जिना होता.)

जेवणं झाल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं. माझ्या नव्या संसारात डाळीला भुंगे लागले होते, मी महिनाभर कोणाला कळू दिलं नाही." मला रडूच कोसळलं. आता या बाईला मी काय सांगू? नोकरी गेली तरी यांना खरं कळू नये असं वाटतं, आणि नोकरी जाऊ नये असंही तितकंच वाटतं.

तेव्हापासून मी दारोदार फिरते आहे. तुमच्या धान्यात किडे आहेत का, असं विचारलं की लोक दार लावून घेतात. ज्यांनी दिले त्यांचे किडे धुरीतून अंग झटकत बाहेर आले. सगळे निर्ढावलेले. असो. काकांना नमस्कार सांग, मोठ्याने.

तुझीच
भाची

ता. क. आता मुद्द्याचं. ते भोळं घराणं तुझं आहे, मावशी. तू आम्हाला पोतंभर गहू दिले होतेस ना, त्यातलं. रागावू नकोस. तू धान्याला कधी औषध लावत नाहीस, म्हणून तर ते इतके निष्पाप. तेव्हा कोठीतल्या मागच्या पिंपातले गहू बरणीभर पाठव. न चाळता, न निवडता, ऊन न दाखवता. किडे नाहीत असं म्हणू नकोस, मागच्या सुट्टीत मी पाहिलेत आणि गप्प बसले.

ता. क. २. बरणी येईल तेव्हा सासूबाई इथे नकोत, म्हणून मी त्यांना सांगितलं की तू अंथरुणाला खिळली आहेस आणि घराकडे बघायला कोणी नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या सकाळच्या गाडीने त्या तुझ्याकडे निघताहेत, चाळण घेऊन. हे पत्र आजच्या शेवटच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. मिळालं की आधी पिंप लपव आणि मग आडवी हो.