न विचारलेला प्रश्न

प्रिय हर्षित,

तुले आजीचे आशीर्वाद. पहिले गोड बातमी. तू मामा झाला गा! खुशीले मंगळवारी मुलगी झाली, अडीच किलोची. नाक थेट तुझं, थोडं चपटं. मी दवाखान्यात अशी नाचली की नर्सबाई म्हणे, आजी, आता तुम्हालेच भरती करावं लागन. चौथी शिकलेली बाई मी, दोन दिवसांपासून हे पत्र लिहून राहिली. अक्षरावर हसू नको.

कामठीहून धरमपेठेत वकीलबाईकडे जाता-येता गुडघे पार गेले. बस बदला, जिने चढा, बाई कोर्टात असली की बसून राहा. हिमानी वकीलबाई चांगली आहे, चहा पाजते. ती म्हणते, हायकोर्टात अपील टाकायले साठ दिवस असतात, त्यातले त्रेचाळीस गेले. रजतचं अपील वेगळं, तुझं वेगळं, वकीलही वेगळे. अन् तू दोनदा वकीलपत्र सही न करता परत पाठवलं. काहून, ते मले समजते. तुझ्या जन्माच्या वेळी तुझी माय गेली, तवा शेजारच्या शोभानं आपल्या रजतसोबत तुलेही पाजलं. तिच्या पोराविरुद्ध तुझ्याकडून काही होऊ नये, असंच ना?

मीही तेच केलं बेटा. जरीपटक्यातल्या त्या मारामारीत जो गेला, तोही कोणाचं लेकरूच होता. पण मले तवा तुम्ही दोघंच दिसत होते. खटला दोघांवर एकत्र चालला, म्हणून मी अन् शोभानं वकीलही एकच केला. चहावाले नत्थूजी साक्षीले उभे राहायच्या आधी त्या वकिलानं मले बाजूले नेलं. म्हणे, मारामारी झाली तवा हर्षित टपरीवर कप धरून उभा होता, असं नत्थूजी सांगतात. पण ते कोर्टात विचारलं तर रजत एकटा अडकते. मी दोघांचा वकील, मले विचारता येत नाही. हर्षितले दुसरा वकील करा. मी म्हटलं, राहू द्या साहेब, दोघंही सुटतील. मंग दोघांलेही जन्मठेप झाली. तुले वाटते वकील विसरला. तो विसरला नव्हता.

वकीलबाई म्हणते, नत्थूजीले पुन्हा साक्षीले बोलवा अशी मागणी करता येते. पण तुझी सही पाहिजे. मुलाखतीले काचेआड फोनवर हे बोलायले माझी जीभ उचलली नाही, म्हणून लिहिलं. जेलातले साहेब पत्र वाचतात म्हणे. वाचू दे. काल शोभालेही सगळं सांगितलं. ती खुशीच्या पोरीसाठी शिवलेली दोन झबली दिवाणावर ठेवून निघून गेली. तिच्यासमोर मी उभी राहीन, ते तुझं काम नाही. गुरुवारी वकीलबाई तिथं येणार आहे. माझा राग आला तर येऊ दे, पण सही कर.

तुझीच,
आजी