लाल दोऱ्याची पिपेट

प्रिय किसन,

तू गेलास त्याला महिना झाला. पत्र लिहायचं सुचलं नव्हतं. पण तुझ्या सुजातानं काल मला कोंडीत पकडलं. पोरगी आपलाच लॅब टेक्निशियनचा कोर्स करायली आहे. आमच्या प्रयोगशाळेत येऊन म्हणते, "काका, बाबा म्हणायचे, लाल दोऱ्याची गोष्ट माझ्याकडून नको, काकाला विचार. काय हो ती?"

"उद्या ये, सांगतो," म्हणालो. म्हणजे लेका, तुला माहीत होतं?

आठव, परभणीत आपण शिकायचो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावंच्या गावं तापली होती. आत मात्र आम्ही सगळे सभ्य! ॲसिड काचेच्या पिपेटीत तोंडानं ओढायचं, एवढ्यावरच आमची सभ्यता अडली. तू तोंड लावलेल्या नळीला आम्ही तोंड लावायचं? दुसऱ्याच दिवशी टेबलावरच्या एका पिपेटीला लाल दोरा दिसला: ही आम्हा चौघांची, तुझी वेगळी. सरांनी विचारलं तर सगळे एका सुरात, "ओळखू यावी म्हणून, सर!" सरांचं समाधान झालं. सरांना समाधानाची सवयच होती.

तू काही बोलला नाहीस. का रे? सोनपेठच्या बाजारात मापात पाप करणाऱ्याशी तासभर भांडणारा तू!

पुढं त्या पिपेटीच्या टोकाचा टवका उडाला. फेकायला हवी होती. पण सोवळी पिपेट फेकणार कोण? आम्ही चौघं तिनंच मापत राहिलो आणि चौघांची उत्तरं चार! परीक्षेलाही तेच. माझी तीन रीडिंगं तीन दिशांना. जुळली नाहीत तर नापास, नापास झालो तर पोखर्णीला परत, औतामागं. तेवढ्यात शेजारून तू तुझी पिपेट सरकवलीस.

"घे, ओढ."

मी नळीचं तोंड न्याहाळलं.

"काय बघायलास? धुतलीय मी. लय तर काय, ॲसिड जाईल तोंडात. आणखी काय जाणार हाय?"

ओढली. शेवटच्या थेंबाला फिकट गुलाबी रंग आला, रीडिंगं जुळली, मी पास झालो. त्या रंगावर माझा संसार उभा आहे. नंतर आपण किती वर्षं सोबत चहा प्यायलो, पण आभार तेवढे राहिले.

तो दोरा मी बांधला होता, किसन. आईनं नरसिंहाच्या देवळातून आणून मनगटाला बांधलेला, तोच सोडून. माझं रिकामं मनगट दिसलं होतं का तुला? आणि दिसूनही पिपेट सरकवलीस? याचं उत्तर कोणत्या प्रयोगात मिळतं रे?

आता तोंडानं ओढायला बंदी आहे. रबरी फुगा आलाय. जातीचा प्रश्न आम्ही असा रबरानं सोडवला!

आज सुजाता येईल. "कुणी बांधला?" म्हणून विचारेल. "होता एक पोरगा," असं म्हणणार नाही. "मी" म्हणेन. शब्द देतो. मग चहा मागवीन. माझ्यासोबत तो प्यायचा की नाही, हे तिनं ठरवावं.

तुझा,
विठ्ठल