अडकलेला हात

४ जून

प्रिय चिमणीस,
अ. उ. आ.

बाबांच्या हाताचं ऑपरेशन झाल्याचा तुझा मेसेज मिळाला आणि जीव भांड्यात पडला. यायचं फार मनात होतं, पण रविवारी व्हिडिओवर त्यांनीच 'यायला नको' म्हटलं. या नव्या वायरलेस नेटचं काय सांगू! जाहिरातीत वेग 'शंभरपर्यंत', आणि घरात चित्र मिनिटामिनिटाला गोठतं. तू ऐकणारी, तुझं फोनवर भागतं. बाबांना नि मला एकमेकांच्या हातांच्या खुणा दिसल्या तरच बोलणं. बाबांचा हात हवेत अडकला की मी नुसता बघत बसतो.

कंपनीच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी कागदावर लिहून दिलं, 'पर्यंत' म्हणजे तेवढा मिळेलच असं नाही. मग नक्की किती मिळेल, असं मी खाली लिहिलं, तर तक्रार फोनवर करा म्हणाल्या. शेजारच्या शिंप्याने माझ्यासाठी फोन लावला. पलीकडून हुकूम आला, ग्राहकाने स्वतः बोलावं. बहिऱ्याने! शिंपी हसून बेजार झाला, मला मात्र हसू आलं नाही.

बाइंडिंगला पुस्तकांचा ढीग पडलाय. बाबांना जप. माया आहेच, ती पत्रातून पाठवत राहा.

तुझा,
दादा


९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातच लिहायला बसले. दादा, बाबा 'यायला उशीर करू नको' म्हणाले होते. मी बाजूलाच उभी होते.

हातातली गाठ खोल असली तर बोटं वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्याआधी त्यांना तुझ्याशी एकदा पोटभर बोलायचं होतं. मी मेसेजवर विचारलं, बाबांचं कळलं ना? तू 'कळलं' लिहिलंस. मला वाटलं, निघालास. ऑपरेशनच्या सकाळी घर सोडेपर्यंत ते दाराकडे बघत होते.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. मेसेजमध्ये ते लिहायचा धीर झाला नाही. आता तुझा विषय निघाला की मान फिरवतात. मी समजावलं, पण त्यांना ते तुझ्याकडूनच कळायला हवं. मलाही एक वाक्य नीट लिहिता आलं नाही, हे डोक्यातून जात नाही.

ढीग राहू दे. ये. या वेड्या बहिणीवर रागावू नकोस.

तुझी,
चिमणी


१८ जून

प्रिय चिमणीस,
अ. उ. आ.

सुखरूप घरी पोचलो. सकाळीच नेटचा डबा दुकानात परत केला. फॉर्मवर कारणासाठी बोटभर जागा होती. 'वडिलांचं बोलणं पोचलं नाही' एवढं त्यात मावलं. बाईंनी वाचलं आणि शिक्का मारला.

तू दवाखान्यात ड्यूटीवर होतीस, म्हणून मागचं सांगतो. पहिल्या दिवशी बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या समोर जाऊन बसलो आणि काय दिसलं, काय दिसलं नाही, सगळं हातांनी सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग डाव्या हाताने, अडखळत, मी जेवलो का ते विचारलं.

निघताना त्यांना मला हाक मारायची होती. माझ्या नावाची खूण त्यांनीच लहानपणी ठेवलेली, नेमकी त्या दोन बोटांची. जमेना. तेव्हा त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, माझी बोटं एकेक करून वाकवली आणि माझ्याच हाताने मला हाक मारली.

पुढच्या रविवारी पुन्हा येतो. तोवर तुम्हा दोघांचा लोभ सोबत आहे.

तुझा,
दादा