चालून दाखव

४ जानेवारी, असोदा
गेला! उजवा गुडघा. कबड्डीच्या चढाईत वळले आणि आत काहीतरी तुटलं. आवाज इतका मोठा की समोरची पोर मला पकडायचं सोडून मागे सरली.

८ जानेवारी
जळगावला एमआरआय दाखवला. लिगामेंट तुटलंय, आतली गादीही फाटलीय. डॉक्टर म्हणाले, दोन रस्ते. एक — दुर्बिणीने ऑपरेशन, मांडीमागची स्नायूची दोरी काढून नवं लिगामेंट, गादीला टाके, नऊ-दहा महिन्यांनी मैदान. दुसरा — पट्टा, व्यायाम आणि कबड्डीला रामराम. "लवकर ठरवा. उशीर झाला तर गादी शिवता येणार नाही, कापावी लागेल."
मी तिथेच म्हटलं, ऑपरेशन. आबा म्हणाले, घरी विचारतो. घरी कोणाला? आईला तर कधी विचारत नाहीत. म्हशीला?

९ जानेवारी
आबांचा निकाल — लग्नाआधी ब्लेड नाही! "पोरीच्या पायाले टाके दिसले त कोन करीन तिले?"
लग्नानंतर नवरा करेल म्हणे ऑपरेशन. अजून नवऱ्याचा पत्ता नाही.

१५ जानेवारी
यावलचे हिलालनाना हाडं बसवतात. तेल लावून त्यांनी पाय ओल्या लुगड्यासारखा पिळला. मी किंचाळले. आबा खूश — "बसलं वाट्टे!" तेव्हापासून पाय सरळच होत नाही.

२ फेब्रुवारी
दोंडाईच्याचे पाहुणे येऊन गेले. मुलगा प्रेमराज, मान खाली घालून पोहे खातो. आईने मला दोन गोळ्या चारल्या, साडीखाली घट्ट पट्टा बांधला. त्याची आई म्हणाली, "चालीसन दखाड, बेटा." दारापासून टीव्हीपर्यंत, अकरा पावलं. हसत चालले. पसंत! आबांनी पेढे वाटले. मला सगळ्यांचा राग आला, स्वतःचा जास्त.

२० फेब्रुवारी
साखरपुडा झाला. आज संघातल्या नूतनच्या गाडीवर गुपचूप जळगाव गाठलं. नवा रिपोर्ट डॉक्टरांनी जुन्याशेजारी धरला. मग — "शिवण्यासारखं काही उरलं नाही. गादी कापावीच लागेल. चालशील, पण खेळायचं विसर." नूतन रडली. मी नाही. दात-ओठ खात घरी आले.

२१ फेब्रुवारी
प्रेमराजला फोन केला. सगळं सांगितलं — पाय लपवला, तुम्हाला फसवलं, मोडा लग्न.
तो म्हणाला, "आईने त्याच दिवशी ओळखलं. म्हणूनच पसंत केलं. ती म्हणे, 'हाईच सून करू. आते कोठे जाई ती खेळाले?'"